आधी काय, मग काय: कामांच्या यादीतल्या क्रमामागची गोष्ट

जून जवळ आला की रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या लागवडीची, तयारी सुरू होते. मामांच्या शेतातल्या कामांची यादी गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच फोनवरच्या एका ॲपमध्ये केली: नांगरट, गादीवाफे, ठिबकच्या नळ्या अंथरणे, पाणी सोडून गळती पाहणे, रोपं आणणे, लागवड. प्रत्येकापुढे तारीख. नळ्या यायला आठ दिवस उशीर झाला. ॲपला त्याचा पत्ताच नव्हता. ठरल्या तारखेला त्याने ‘रोपं आणणे’ सगळ्यात वर, लाल रंगात दाखवलं आणि मामांनी गाडी पाठवली. टिश्यू कल्चरची ती कोवळी रोपं ट्रेमध्येच उन्हात उभी राहिली आणि दीडशेच्या आसपास करपली. “नळ्या नव्हत्या तर थांबायचं ना मामा,” मी म्हटलं. “तुझ्या यादीनंच सांगितलं ना भो!”

मामांचं बरोबर होतं. यादीत क्रम होता, त्या क्रमाचं कारण नव्हतं.

मराठीत आपण ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ म्हणतो, तेव्हा तो प्राधान्याचा क्रम असतो. रायबाचं लग्न गड घेण्यावाचून अडलेलं नव्हतं, ते मागे ठेवलं गेलं. नळ्या आणि रोपांचं नातं वेगळं आहे. तिथे निवड नाही, अडवणूक आहे. बहुतेक ॲप या दोन्हींना एकाच रांगेत बसवतात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

ही अडवणूक यंत्रात बसवायची कल्पना कॉम्प्युटरच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची आहे आणि ती रेल्वेची आहे. भुसावळसारख्या जंक्शनवर ज्यांनी जुनी लिव्हरची केबिन पाहिली असेल, त्यांना ती आठवेल. सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा भाग, योग्य बाजूला वळून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर ओढलाच जात नाही. लिव्हरखालच्या लोखंडी पट्ट्या एकमेकींच्या खाचांत अडकलेल्या असतात. केबिनमनने कितीही जोर लावला तरी हात मागेच येतो. सांधे आणि सिग्नल एकत्र चालवण्याचं पेटंट जॉन सॅक्सबी यांनी इंग्लंडमध्ये 1856 मध्ये घेतलं.

कागदावरचे तक्ते नंतर आले. अमेरिकेचे हेन्री गँट यांनी कामं आडव्या पट्ट्यांनी मांडली. त्यात कोणतं काम कधी हे दिसायचं, पण कशामुळे हे तक्ता करणाऱ्याच्या डोक्यातच राहायचं. एक काम सरकलं की पुढच्या पट्ट्या हाताने सरकवायच्या.

खरं वळण 1957 च्या सुमारास आलं. ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्याची कामं युनिव्हॅक कॉम्प्युटरवर मांडली. जवळपास त्याच काळात अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही पद्धत उभी केली. दोन्हींचं मूळ एकच: माणसाने ‘हे त्याच्या आधी’ आणि प्रत्येक कामाला किती वेळ लागतो, एवढं सांगायचं, क्रम आणि तारखा यंत्राने काढायच्या.

तो क्रम काढायचा कसा, हे आर्थर कान यांनी 1962 च्या लेखात इतकं सोपं मांडलं की ते मामांच्या यादीवरही करता येतं. प्रत्येक कामापुढे त्याला अडवणारी कामं किती, तो आकडा लिहा. नांगरटीपुढे शून्य, म्हणून ती पहिली. ती झाली की गादीवाफ्यांचा आकडा एकाने कमी होऊन शून्य होतो. मग नळ्या, मग गळती. ज्याचा आकडा शून्य, तेवढंच काम आज करण्यासारखं. पर्टच्या 30,000 कामांचं जाळं आयबीएम 7090 या त्या काळच्या कॉम्प्युटरवर तासाभराच्या आत लागतं, असं कान यांनी नोंदवलं आहे.

या रीतीतून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. समजा कर्जासाठी पीकपेऱ्याची नोंद हवी, नोंदीसाठी लागवड हवी आणि लागवडीची रोपं घ्यायला कर्ज हवं. इथे कुणाचाच आकडा शून्यावर येत नाही. कामं उरतात आणि हात घालायला एकही नसतं. यंत्र तिथल्या तिथे सांगतं की फेरा पडलाय. साधी रांग हे कधीच सांगणार नाही. ती तिन्ही कामं एकाखाली एक नीट लावून देईल.

प्रोग्रामरांना हे ज्ञान लवकर मिळालं. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये लिहिलेलं ‘मेक’ हे प्रोग्राम बांधण्याचं साधन याच तत्त्वावर चालतं: कोणती फाइल कशावर अवलंबून आणि ती कशी बनवायची, एवढं लिहायचं.

घरगुती यादीच्या ॲपांनी मात्र वारसा घेतला तो कागदी चिठ्ठीचा. प्रत्येक ओळीला एक क्रमांक. मध्ये काम घुसवता यावं म्हणून क्रमांकांत जागा सोडायची. बेसिक या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ओळींना 10, 20, 30 असे आकडे द्यायचे, तसंच. काही जण दोन आकड्यांच्या मधला अपूर्णांक घेतात. पण नेहमीचा दशांश आकडा त्याच फटीत पन्नासेक वेळा अर्धा केला की त्याची अचूकता संपते आणि सगळे क्रमांक नव्याने घालावे लागतात. बोटाने ओळ वरखाली सरकवणं सुरळीत व्हावं म्हणून एवढी मेहनत झाली. ती ओळ तिथे का आहे, हे नोंदवायला जागा ठेवली नाही.

अपवाद आहेत. ‘ओम्नीफोकस’मध्ये प्रकल्प एकामागोमाग की समांतर, एवढंच ठरवायचं असतं, बऱ्याच घरांना तेवढं पुरतं. ‘ऑर्ग मोड’ला तसं सांगून ठेवलं, तर पोटकामं बाकी असताना मुख्य काम ‘झालं’ म्हणू देत नाही, अगदी केबिनमधल्या लिव्हरसारखं. ‘टास्कवॉरिअर’ अडवत नाही, तोलतं. दुसऱ्यांना अडवून धरणाऱ्या कामाच्या निकडीचा आकडा, आपण काही बदललं नाही तर, 8 ने वाढतो, अडकलेल्याचा 5 ने उतरतो. शेतीसाठी मला ही तिसरी रीत पटते. पाऊस लवकर आला तर मामा गळती न पाहताही लागवड करतील, आणि तो निर्णय त्यांचाच असायला हवा.

यंदाच्या यादीत ‘नळ्या’ सगळ्यात वर आहेत. ‘रोपं आणणे’ करड्या रंगात आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: गळती पाहिली की मग.