हुनीन आणि आयाकुचो : पेरूच्या दोन लढायांमधील फरक

दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश सत्तेचा शेवट सांगताना हुनीन आणि आयाकुचो ही नावे अनेकदा एका दमात घेतली जातात, आणि मग दोन्ही विजय स्वातंत्र्यसेनानी आणि कोलंबियाचे तत्कालीन अध्यक्ष सिमोन बोलिव्हार यांच्या खात्यावर जमा होतात. दोन्ही लढाया १८२४ मध्ये, पेरूच्या अँडीज पर्वतराजीतच झाल्या हे खरे. पण बोलिव्हार हुनीनला होते, आयाकुचोला नव्हते.

हुनीनची लढाई ६ ऑगस्टला सुमारे ४,१०० मीटर उंचीवरील मैदानात झाली. ती केवळ घोडदळांची चकमक होती. तलवारी आणि भाले यांवरच तासाभरात तिचा निकाल लागला. आरंभी बोलिव्हार यांच्या स्वारांची फळी मोडली होती, परंतु इसिदोरो सुआरेझ यांच्या पेरूवियन पथकाने ऐनवेळी हल्ला चढवून पारडे फिरवले. राजनिष्ठांचे, म्हणजे स्पेनच्या राजाच्या बाजूचे, सेनापती कांतेराक यांनी कुस्कोच्या दिशेने माघार घेतली. त्या माघारीत त्यांचे बरेच सैनिक पळून गेले, तरी राजनिष्ठ सैन्याचे पायदळ लढाईत उतरलेलेच नसल्यामुळे युद्ध संपले नाही.

ते संपवण्याचे काम आयाकुचोजवळच्या किनुआच्या मैदानात, ९ डिसेंबरला झाले. दरम्यान कोलंबियाच्या संसदेने बोलिव्हार यांचे विशेषाधिकार काढून घेतले होते, त्यामुळे सैन्याचे नेतृत्व आंतोनियो होसे दे सुक्रे यांच्याकडे आले होते. वयाची तिशीही न गाठलेल्या या सेनापतीने सहा हजारांहून कमी सैन्यानिशी संख्येने मोठ्या फौजेचा पराभव केला, आणि हे श्रेय त्यांच्याच नावाने सांगितले गेले पाहिजे असे मला ठामपणे वाटते. व्हाइसरॉय ला सेर्ना जखमी होऊन कैद झाल्यामुळे शरणागतीच्या करारावर कांतेराक यांनी सही केली, आणि राजाच्या फौजेने पेरू सोडण्याचे मान्य केले. मात्र त्या फौजेतील बहुतेक शिपाई स्पेनचे नव्हते, अँडीजमधलेच होते; दोन्ही लढायांचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

गोंधळात भर घालणारी एक तारीखही आहे. बोलिव्हियाचे स्वातंत्र्य ६ ऑगस्ट १८२५ रोजी, म्हणजे हुनीनच्या पहिल्या वर्षदिनी जाहीर झाले. पण ते शक्य झाले आयाकुचोनंतर सुक्रे यांनी त्या प्रदेशात सैन्य नेल्यामुळे, कारण तेथील राजनिष्ठ सेनापती ओलान्येता यांनी शरणागती नाकारली होती. पेरूच्या काय्याओ बंदरातील स्पॅनिश तुकडी तर जानेवारी १८२६ पर्यंत किल्ला लढवत राहिली.