स्फटिकजन्य संधिवातातील दाहकारक रेणू

सांध्यात साचलेल्या सूक्ष्म स्फटिकांमुळे होणाऱ्या संधिवातात सूज, लाली आणि वेदना घडवून आणणारे, पेशींनी स्रवलेले संदेशवाहक रेणू. गाऊटमध्ये हे स्फटिक मोनोसोडियम युरेटचे, सुईसारखे असतात. स्यूडोगाऊटमध्ये कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे, आखूड आणि तिरक्या चौकोनासारखे.

१९६२ साली फेअर्स आणि मॅकार्टी या अमेरिकन संशोधकांनी युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत गुडघे सुजले आणि दोष स्फटिकांचाच हे दिसले. सुई बोचते म्हणून दुखते, असे वाटणे साहजिक आहे. पण दोन झटक्यांच्या मधल्या काळात, अजिबात न दुखणाऱ्या सांध्यातल्या द्रवातही हेच स्फटिक सापडतात!

कोड्याची किल्ली इंटरल्यूकिन-१ बीटा या रेणूत आहे. सांध्याच्या अस्तरातील मॅक्रोफेज ही भक्षक पेशी स्फटिक गिळते, पण तो तिला पचत नाही. उलट त्याने पेशीतल्या पाचक पिशव्या फाटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि एनएलआरपी-३ इन्फ्लमासोम नावाची प्रथिनांची जुळणी होते. तिच्यामुळे जागे झालेले कॅस्पेज-१ हे विकर इंटरल्यूकिनचे निष्क्रिय पूर्वरूप कापून सक्रिय रेणू मोकळा करते. युर्ग चोप यांच्या लोझान येथील गटाने २००६ मध्ये हे दोन्ही प्रकारच्या स्फटिकांबाबत दाखवले. मात्र पूर्वरूप आधी तयार असावे लागते आणि त्यासाठी वेगळी चिथावणी लागते. मुक्त मेदाम्ले ती देऊ शकतात. नुसता स्फटिक पुष्कळदा गप्प राहतो तो यामुळे.

एकदा हा रेणू सुटला की पुढचे झपाट्याने घडते. इंटरल्यूकिन-८, ल्यूकोट्राईन बी-४ आणि प्रतिकारशक्तीच्या पूरक प्रथिनांपैकी सी-५-ए हे रेणू रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना सांध्यात ओढतात. इंटरल्यूकिन-६ मुळे ताप येतो, यकृतात सीआरपी हे दाह दर्शवणारे प्रथिन वाढते.

झटका औषधाविनाही बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो, स्फटिक तिथेच असले तरी. मेलेल्या न्यूट्रोफिलांच्या डीएनएची जाळी गोळा होऊन त्यांतली विकरे दाहकारक रेणूंचेच तुकडे करतात. टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू आणि इंटरल्यूकिन-१ चा शरीरातलाच नैसर्गिक प्रतिरोधकही दाह आवरतात. अ‍ॅनाकिन्रा हे औषध म्हणजे याच प्रतिरोधकाची प्रयोगशाळेत घडवलेली आवृत्ती. कॅनाकिनुमॅब थेट इंटरल्यूकिन-१ बीटाला बांधून टाकते. जुने कोल्चिसिन न्यूट्रोफिलांची हालचाल आणि इन्फ्लमासोमची जुळणी रोखते.

यांतले एकही औषध स्फटिक विरघळवत नाही. गाऊटमध्ये ते काम युरिक आम्ल उतरवणारे अ‍ॅलोप्युरिनॉल करते. पायरोफॉस्फेटसाठी तसे औषधच नाही, म्हणून स्यूडोगाऊटमध्ये सगळी भिस्त दाह शमवण्यावर राहते.