शिशाची तपासणी : घर आणि माणसे (सांगली परिसर)

शिसे, आर्सेनिक, पारा, कॅडमियम यांसारखे धातू माणसाच्या शरीरात आणि घरात किती साचले आहेत, हे मोजण्याच्या पद्धती. यांत शिशाची तपासणी सर्वांत महत्त्वाची. शरीराला शिशाचा काहीच उपयोग नाही आणि त्याची निर्धोक पातळी अजून कोणी ठरवू शकलेले नाही. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फटका अधिक बसतो. पोटदुखी, चिडचिड, पंडुरोग, अभ्यासात मागे पडणे ही लक्षणे कशानेही होऊ शकतात, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय शिशाचा संशय सहसा येत नाही.

सांगली जिल्ह्यात तपासणीचा विचार करताना आधी गलाई व्यवसाय आठवावा. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरलेले आहेत. चांदी गाळण्याच्या जुन्या रीतीत शिसे वापरतात. भट्टीत त्याचा धूर आणि बारीक धूळ होते. ही धूळ कपड्यांवरून, केसांवरून घरी येते आणि रांगणारे मूल ती हातातोंडावाटे गिळते. कामगाराची चाचणी करून त्याच्या मुलांना वगळणे म्हणजे तपासणी अर्धवट सोडणे. वाहनांच्या व इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या घराशेजारी फोडणे हाही असाच धोका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या अधिकृत पुनर्वापर साखळीतच गेल्या पाहिजेत.

दुसरा विषय हळदीचा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून लेड क्रोमेट (शिसे आणि क्रोमियम असलेले पिवळे रंगद्रव्य) चोळण्याची भेसळ बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर सापडली होती. तिथे २०१९ नंतर कडक कारवाई झाली आणि बाजारातील नमुन्यांत शिसे सापडण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. भारतात हळदीत शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. नमुन्यात शिसे आणि क्रोमियम दोन्ही बरोबरीने वाढलेले दिसले, तर लेड क्रोमेटचा संशय बळावतो. सांगलीसारख्या पेठेचे नाव राखायचे, तर प्रयोगशाळेचा असा अहवाल हळदीच्या रंगाइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

घरात पाहायच्या जागा पुष्कळ आहेत : मूर्तीला लावायचा शेंदूर (तो पुष्कळदा शिशाचे लाल ऑक्साइडच असतो), काजळ-सुरमा, शिसेमिश्रित कथिलाने कल्हई केलेली पितळी भांडी, भंगार वितळवून केलेली अॅल्युमिनियमची पातेली, नागभस्म (म्हणजे शिशाचे भस्म) असलेली औषधे. रंगातील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे. त्याआधीचा तैलरंग जुन्या वाड्यांच्या दारा-खिडक्यांवर अजून असू शकतो. गणपती-दिवाळीआधी तो कोरडा खरवडू नये.

घर तपासताना क्ष-किरणांवर चालणारे हातातले एक्सआरएफ यंत्र रंग, भांडी, माती यांत शिसे किती ते जागेवरच दाखवते. फरशीवरील धूळ ओल्या फडक्याने टिपून प्रयोगशाळेत पाठवतात. घासून रंग बदलणाऱ्या कांड्यांचा निकाल चुकू शकतो, त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नये. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे.

माणसाची मुख्य चाचणी रक्ताची. बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळू शकते, म्हणून असा निकाल वाढलेला आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. रक्ताच्या डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर) ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कुठून आले याचा शोध घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन सांगते. मुलांत ४५ च्या वर गेल्यास शिसे बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार होतो. आर्सेनिकसाठी लघवी तपासतात. त्याआधी काही दिवस मासे खाऊ नयेत. आधी औषध देऊन धातू लघवीत उतरवायचे आणि मग मोजायचे, ही काही ठिकाणी विकली जाणारी चाचणी मात्र दिशाभूल करते. केसांच्या चाचणीवरही उपचार ठरवू नयेत.

शिशाचे स्रोत बंद झाल्यावर रक्तातील पातळी साधारण महिन्याभरात निम्मी होऊ शकते, परंतु हाडांत साठलेले शिसे अनेक वर्षे राहते आणि गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात पुन्हा रक्तात उतरते. त्यामुळे शिशाच्या संपर्कात राहिलेल्या गरोदर स्त्रीची चाचणी लवकर करावी आणि तिच्या आहारातील लोह व कॅल्शियमची कमतरता भरून काढावी. ती राहिली तर शिसे अधिक शोषले जाते.