विमान कर्मचाऱ्यांचा सवलतीचा प्रवास

विमान कंपनीतील कर्मचारी, निवृत्त कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांना विनामूल्य किंवा अत्यल्प दरात विमानप्रवास करू देण्याच्या पद्धतीस ‘स्टाफ ट्रॅव्हल’ म्हणतात. दरवाजे बंद होऊन विमान हलले की न विकलेल्या आसनाची किंमत शून्य होते आणि त्यावर कर्मचारी बसल्याने कंपनीला थोडे इंधन व जेवण यांपलीकडे फारसा खर्च येत नाही, हा या पद्धतीचा पाया आहे. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १३२ हेच तत्त्व मानते. १९८४ साली संमत झालेल्या या तरतुदीनुसार, कंपनीवर लक्षणीय जादा भार न टाकता दिलेली अशी सेवा करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. विमानप्रवासापुरता हा लाभ कर्मचाऱ्याच्या आईवडिलांनाही मिळतो.

सवलतीचे तिकीट ‘कन्फर्म’ असते किंवा ‘सबलो’, म्हणजे जागा उरल्यासच चालणारे. बहुतेक खासगी प्रवास सबलोवर होतो. दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी परस्पर करारांनुसार ‘झेड’ दर लागू होतात. ते बाजारभावावर नव्हे, तर अंतराच्या टप्प्यांवर ठरतात. रांगेत यजमान कंपनीचे कर्मचारी आधी आणि इतर कंपन्यांचे नंतर, असा सर्वसाधारण क्रम असतो. एकाच गटात कोठे नोकरीतील ज्येष्ठता पाहिली जाते, तर कोठे चेक-इनची वेळ.

कर्मचारी एकमेकांना जे सल्ले देतात, ते याच अनिश्चिततेतून आलेले आहेत. ‘लोड कसा आहे?’, म्हणजे विमान किती भरले आहे, हा पहिला प्रश्न असतो. मात्र रिकाम्या आसनांचा आकडा एकटा पुरत नाही, आपल्या पुढे किती सबलो प्रवासी नोंदले आहेत हेही पाहावे लागते. दिवसाचे पहिले विमान सर्वांत भरवशाचे मानले जाते, कारण एखादे उड्डाण रद्द झाले किंवा जोडविमान चुकले की ते प्रवासी पुढच्या विमानांत सामावले जातात आणि दुपारनंतर रांग वाढत जाते. लांब पल्ल्यावर आणखी एक अडचण येते, जी नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मुंबईहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या थेट विमानाला हिवाळ्यात जोरदार प्रतिकूल वारा लागला, तर जादा इंधनासाठी वजन कमी ठेवावे लागते आणि आसने रिकामी दिसत असूनही स्टाफला ‘ऑफलोड’ केले, म्हणजे विमानातून वगळले, जाऊ शकते. म्हणून अनुभवी मंडळी केवळ हातसामान घेतात, आखाती देशांतून किंवा युरोपातून जाणारा दुसरा मार्ग व त्यासाठी लागणारा व्हिसा आधी तपासतात आणि रजा संपण्यापूर्वी एखादा दिवस राखून परततात. लग्न, परीक्षा, व्हिसाची मुलाखत अशा न चुकवता येणाऱ्या प्रसंगी मात्र पूर्ण पैसे मोजून तिकीट काढावे, हाच सल्ला योग्य आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत विमाने भरलेली असतात. गर्दीच्या काळात काही कंपन्या सवलत स्थगितही ठेवतात.

वर्तनाचे नियम कुटुंबीयांनाही लागू होतात. २६ मार्च २०१७ रोजी डेन्व्हर येथे लेगिंग्ज घातलेल्या दोन मुलींना युनायटेड एअरलाइन्सने सवलतीच्या तिकिटावर विमानात चढू दिले नाही. तिकीट विकत घेतलेल्या प्रवाशांना हा पोशाखनियम लागू नसल्याने मोठा गदारोळ झाला. दोनच आठवड्यांनी, ९ एप्रिल रोजी, शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या याच कंपनीच्या विमानातून एका प्रवाशाला ओढून बाहेर काढण्यात आले. त्या प्रकरणाचा सवलतीशी अनेकदा घोळ केला जातो. वस्तुतः तेथे चार कर्मचाऱ्यांना कामावर पोहोचवण्यासाठी जागा हवी होती. सबलो प्रवाशासाठी पैसे भरलेल्या प्रवाशाला उठवले जात नाही.

मित्रांना द्यावयाचे ‘बडी पास’ विकणे हा गंभीर गैरवर्तनाचा प्रकार मानला जातो व त्यापायी नोकरीही जाऊ शकते. अमेरिकेत एका शहरात राहून दुसऱ्या शहरातून ड्युटी करणाऱ्या वैमानिकांना कॉकपिटमधील जादा आसन, म्हणजेच ‘जंपसीट’, फार मोलाचे वाटते. ते देण्याचा अंतिम अधिकार त्या विमानाच्या कॅप्टनकडे असतो.

ही सवलत कंपनीच्या अस्तित्वाशी बांधलेली असते. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी बंद झाली, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांच्या घरांतून पगाराबरोबर प्रवासाचा हा हक्कही गेला.