‘को’ कुणासाठी, ‘की’ कुणासाठी?

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरच्या एल युंके जंगलाची एक दिवसाची सहल घेतली की कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. सकाळी सान ह्वानहून गाडी निघते आणि तासाभरात डोंगराच्या पायथ्याशी पोचते. मग वाटाड्याच्या मागोमाग चिखलातून चालायचं, नदीच्या गुळगुळीत खडकांवरून घसरत डोहात पडायचं, झाडाला बांधलेल्या दोराला धरून झोका घ्यायचा आणि पाण्यात उडी मारायची. दुपार उलटली की ओल्या कपड्यांनी परत गाडीत. मी हे सगळं केलं आणि ते मला मनापासून आवडलं. पण परतीच्या वाटेवर ढग खाली उतरले, रस्ता अंधारला आणि उघड्या खिडकीतून आवाज आला : को-की. लगेच दुसरा, मग तिसरा. बघता बघता दोन्ही बाजूंचं रान त्या दोन स्वरांनी भरून गेलं. जंगलाचा दिवस आत्ता कुठे सुरू होत होता आणि आम्ही निघालो होतो.

“हा आमचा कोकी, इवलासा बेडूक,” वाटाड्या म्हणाला. “याला बेटाबाहेर नेलं तर तो गाणं बंद करतो आणि झुरून मरतो.” गाडीतल्या सगळ्यांचे चेहरे हळवे झाले. गोष्ट सुंदर आहे आणि पोर्तो रिकोत ती मोठ्या मायेने सांगितली जाते. पण ती खरी नाही. खरं जे आहे ते तिच्याहून कितीतरी विलक्षण आहे, आणि ते त्या गाडीत कुणी सांगितलं नाही.

आधी जंगलाविषयी थोडं. एल युंके बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात, लुकियो पर्वतरांगेत आहे. क्षेत्रफळ सुमारे ११५ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाही. पण पोर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये उष्णकटिबंधीय वर्षावन हे एवढंच. त्याआधी बेट स्पेनकडे होतं, तेव्हा स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो याने १८७६ साली यातला भाग राखीव ठेवला होता. शाळेत आपण प्रतिरोध पर्जन्य शिकलो, तोच इथे वर्षभर चालतो : समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले ईशान्य व्यापारी वारे हजार मीटर उंचीच्या डोंगरावर आदळतात, वर चढतात, गार होतात आणि पाऊस देतात. माथ्याजवळ वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोहात पोहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण खाली लख्ख ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो आणि काही मिनिटांत नदीला लोंढा येतो. तिथले लोक त्याला ‘गोल्पे दे आग्वा’ म्हणतात, पाण्याचा तडाखा. आमचा वाटाड्या दर थोड्या वेळाने पाण्याचा रंग बघत होता. पाणी गढूळ दिसू लागलं तर प्रश्न न विचारता सगळ्यांनी काठावर यायचं, हे त्याने सकाळीच बजावलं होतं.

या जंगलात वाघ, चित्ता असलं काही नाही. इथले मूळचे आणि आजवर टिकलेले सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. त्यामुळे रात्रीच्या शिकाऱ्याची जागा घेतली आहे अंगठ्याएवढ्या बेडकाने. चांगल्या रानात एका हेक्टरमध्ये वीस हजारांपर्यंत कोकी असतात, आणि एवढे बेडूक मिळून एका रात्रीत लाखाहून अधिक कीटक व इतर बारीक जीव फस्त करतात असा अंदाज आहे. नराची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, मादी थोडी मोठी. पण अर्ध्या मीटरवरून मोजला तर त्या नराचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो.

आता ‘झुरून मरण्या’बद्दल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपवाटिकांच्या कुंड्यांमधून हा बेडूक हवाई बेटांवर पोचला. तिथे तो झुरला नाही. त्याला खाणारे फारसे कुणी नव्हते, ओलावा भरपूर होता, कीटक मुबलक होते. तो इतका वाढला की काही ठिकाणी त्याची दाटी पोर्तो रिकोहूनही जास्त झाली. रात्री झोप लागत नाही म्हणून लोक हैराण झाले आणि झाडाझुडपांवर सायट्रिक ॲसिडचे फवारे मारण्यापर्यंत वेळ आली. गाणं बंद पडणं तर दूरच. मातृभूमीवरच्या प्रेमाची गोष्ट म्हणून ती दंतकथा कुणी सांगितली तर मला राग येत नाही. पण ती निसर्गाचा नियम म्हणून सांगितली जाते तेव्हा राग येतो, कारण ‘बाहेर हा जगतच नाही’ असं मानणारा माणूस कुंडीतला बेडूक तपासत नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. ‘को-की’ हे शब्द आपण दिलेले, पण स्वर खरोखर दोनच आहेत. पहिला ‘को’ : सुमारे ११६० हर्ट्झ, एका जागी स्थिर, सेकंदाचा दहावा हिस्सा टिकणारा. मग ‘की’ : तो १८०० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो आणि वर सरकत २१०० पर्यंत जातो. दोघांमधलं अंतर साधारण पाऊण सप्तक. गाणाऱ्यांच्या भाषेत ‘को’ला षड्ज मानला तर ‘की’ धैवताच्या आसपास लागतो आणि तिथून मींड घेत निषादाकडे जातो.

एवढ्याशा जिवाने रात्रभर ओरडायला प्रचंड ताकद लागते. मग एकच स्वर का पुरत नाही? पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका या दोन शास्त्रज्ञांनी हा प्रश्न थेट बेडकांनाच विचारला. त्यांनी रानात ध्वनिक्षेपक ठेवून नरांना वेगवेगळे तुकडे ऐकवले : कधी पूर्ण हाक, कधी नुसता ‘को’, कधी नुसता ‘की’. ‘को’ ऐकला की नर उत्तर द्यायचा, मग त्यापुढे ‘की’ असो वा नसो. नुसत्या ‘की’ची तो फारशी दखल घ्यायचा नाही. माद्यांचं उलटं. त्यांना ओढ ‘की’ची. एकाच दमात नर दोन निरोप पाठवत होता. ‘को’ शेजारच्या नरांसाठी : ही जागा माझी आहे. ‘की’ मादीसाठी : मी इथे आहे.

इथवर हे वागणं झालं. त्यांचा १९७६ साली ‘सायन्स’मध्ये आलेला शोधनिबंध त्याच्या पुढे गेला. त्यांनी बेडकांच्या श्रवणतंतूंमधले विद्युत संकेत मोजले. दिसलं असं की नर आणि मादी एकाच जातीचे असूनही त्यांचे कान सारखे नाहीत. ‘की’च्या पट्टीला जुळलेले तंतू मादीमध्ये नरापेक्षा जास्त होते. म्हणजे नर ‘की’कडे दुर्लक्ष करतो असं म्हणणं अपुरं आहे. तो स्वर त्याच्या कानातच मंद उमटतो. एकच हाक, एकच रात्र, शेजारी बसलेले दोन बेडूक, आणि दोघांना ऐकू येणारी गोष्ट वेगळी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

कान एखाद्या पट्टीला ‘जुळलेला’ असतो म्हणजे काय, हे समजायला नदीवरचा तो दोराचा झोका उपयोगी पडतो. प्रत्येक झोक्याची स्वतःची लय असते. त्या लयीत हलके धक्के दिले की झोका उंच जातो आणि लय चुकली की जोर लावूनही जागच्या जागी हेलकावतो. दोर आखूड असेल तर लय जलद, लांब असेल तर संथ. बेडकाच्या आतल्या कानात हवेतला आवाज टिपणारी दोन वेगळी केंद्रं असतात. एक ॲम्फिबियन पॅपिला. ती खालच्या आणि मधल्या स्वरांसाठी असते, जणू वेगवेगळ्या लांबीच्या दोरांची रांगच. ज्या लयीचा आवाज येईल त्या लांबीचा दोर हलतो आणि त्याला जोडलेला तंतू मेंदूला खबर देतो. दुसरी बेसिलर पॅपिला, वरच्या स्वरांसाठी. तिथे रांग नाही, जवळजवळ एकच दोर आहे. एका ठरावीक पट्टीला तो जोरात झुलतो, बाकीच्यांना दाद देत नाही. ‘को’ हा पहिल्या केंद्राचा स्वर. ‘की’ दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. बेडकाचं शरीर आवाजाच्या तरंगलांबीच्या मानाने फार लहान. ११६० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३० सेंटिमीटर आणि दोन कानांमधलं अंतर सेंटिमीटरभर. मग आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळायचं कसं? बेडकाचे दोन्ही कान तोंडाच्या पोकळीतून एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे कानाच्या पडद्यावर आवाज बाहेरून तसाच आतूनही पोचतो आणि पडदा हलतो तो या दोन दाबांमधल्या फरकाने. कोकीमध्ये फुप्फुसावरची कुशीची कातडीसुद्धा आवाजाने थरथरते आणि तो थरथराट आतल्या वाटेने कानापर्यंत जातो, असं १९८८ साली दाखवलं गेलं. कोकी काही अंशी कुशीने ऐकतो, असं म्हटलं तरी चालेल.

आता जंगलातून वर जाणारा रस्ता घ्या. १९१ क्रमांकाचा हा रस्ता, आमची गाडी उतरत होती तो. खाली ताबोनुको वृक्षांचं उंच जंगल आहे. वर जाऊ तसं ते बदलत जातं आणि माथ्यावर ढगात बुडालेली, शेवाळाने लगडलेली खुजी झाडं लागतात. हवा गार होत जाते. या रस्त्याच्या कडेने थांबत थांबत कोकीचे आवाज ध्वनिमुद्रित केले तेव्हा दिसलं की वरचे बेडूक आकाराने मोठे, त्यांची हाक खर्जातली आणि लांब. खालचे लहान, त्यांची हाक टिपेची आणि आखूड. नॅरिन्स यांनी २३ वर्षांनी तीच मोजणी त्याच वाटेवर पुन्हा केली. प्रत्येक उंचीवरची हाक आधीपेक्षा टिपेला गेली होती आणि आखूड झाली होती. डोंगराच्या त्या जागेवर पूर्वी जी हाक ऐकू यायची ती आता आणखी वर चढून गेल्यावर ऐकू येते. त्या काळात वाढलेल्या तापमानाशी हा बदल जुळतो. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं.

मग कानाचं काय? हाक सरकली आणि कान जुन्याच पट्टीत राहिला तर निरोप पोचणार कसा? बेडकाचा कान बाहेरचा आवाज ऐकतो, पण स्वतःही अतिशय क्षीण आवाज काढतो. दोन स्वर एकदम कानात सोडले की आतले संवेदी भाग त्यांच्यातून तिसराच एक स्वर तयार करून परत पाठवतात, आणि नाजूक मायक्रोफोनने तो पकडता येतो. माणसाच्या तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी घेतात त्यातही असाच कानातून परत येणारा आवाज मोजतात. कोकीच्या कानातून येणारा हा आवाज वेगवेगळ्या उंचीवर मोजला तेव्हा हाकेची पट्टी आणि कानाची पट्टी डोंगरावर जोडीने बदलताना दिसली. लहान बेडकाची हाक टिपेची, आणि त्याचा कानही टिपेला जुळलेला.

पुढे तापमान आणखी वेगाने वाढलं तर ही जोडी टिकेल का, याचं उत्तर त्याच रस्त्याच्या कडेला पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण केल्यानेच मिळेल. या कामात मथळ्याजोगं काही नसतं. भिजत, डास मारत, तीच ठिकाणं, तीच यंत्रं, वर्षानुवर्षं.

या बेडकाला बेडूकमाशाची अवस्थाच नाही, हेही सांगायला हवं. मादी अंडी पाण्यात घालत नाही. ताडाच्या गळून पडलेल्या, गुंडाळलेल्या पानात ती घालते आणि निघून जाते. बाप अंड्यांवर बसतो, अंगाच्या ओलाव्याने ती सुकू देत नाही, घुसखोर नरांना हाकलतो. अडीच-तीन आठवड्यांनी अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. याची काही पिल्लं आणि प्रौढ संध्याकाळी झाडाच्या शेंड्यापर्यंत चढून जातात, रात्रभर शिकार करतात आणि पहाटे खोडावरून उतरण्याऐवजी थेट उडी टाकतात, कारण खोडावर शिकारी कोळी टपलेले असतात. अंग इतकं हलकं की उंचावरून पडूनही इजा होत नाही. दिवस उजाडायच्या आत त्या रानात बेडकांचा पाऊस पडतो, खराखुरा.

सहलीची गाडी हे दाखवणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी जंगलाच्या कडेला मुक्काम केला. दुपारी पाऊस पडून गेला होता, हे भाग्यच. सूर्य मावळला तसे आवाज सुरू झाले. आधी मला नुसता कल्लोळ ऐकू आला. मग एकाच बेडकावर कान लावला तेव्हा कळलं की तो शेजाऱ्याच्या हाकेवर हाक टाकत नाही. दोन हाकांच्या मधली फट शोधतो आणि त्यात आपली बसवतो. ती फट सेकंदापेक्षाही लहान असते.

पाऊण तासाने जवळच्या केळीच्या पानावर बसलेल्या त्या बेडकाची हाक बदलली. को-की, को-की, आणि मग नुसताच को. को. को. मी विजेरी तांबड्या कागदाने झाकून हळूच फिरवली. पानाच्या देठापाशी, वीतभर अंतरावर, दुसरा नर येऊन बसला होता. मादीसाठीचा स्वर पहिल्याने गाळून टाकला होता. दोघं काही वेळ तसेच समोरासमोर, घशाची पिशवी फुगवत. मग दुसरा मागे सरकला, पानाखाली दिसेनासा झाला, आणि तीन-चार हाकांनंतर ‘की’ परत आला.