ऑक्टोपस परग्रहावरून आलेला नाहीये!

"ऑक्टोपसचा डीएनए पृथ्वीवरचा नाहीच, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय" हा मेसेज इतकी वर्षं फिरतोय की आता खुलासा करायलाच हवा. 2015 मध्ये ऑक्टोपसचा जिनोम (म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए) वाचला गेला, त्यात सुमारे 33,000 जीन्स सापडले, आणि तो खूप वेगळा आहे असं सांगताना एलियन हा शब्द नुसता उपमा म्हणून वापरला गेला, लोकांनी तो शब्दशः घेतला. मग 2018 मध्ये एका पेपरात गोठलेली अंडी धूमकेतूवरून आली असतील असा अंदाज मांडला, पुरावा काहीच नाही.

खरं तर ऑक्टोपस मृदुकाय प्राणी, म्हणजे गोगलगाय आणि शिंपल्यांचा नातेवाईक. जिनोममध्येही हे नातं स्पष्ट दिसतं, मेंदू घडवणारे प्रोटोकॅडहेरिन जीन्स तर आपल्यातही आहेत, त्याच्यात फक्त त्यांची संख्या प्रचंड वाढली, दीडशेच्या वर.

त्याच्या पूर्वजांना कवच होतं, जवळपास 50 कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत. त्याच्या जवळच्या समुद्री नातेवाईकांपैकी नॉटिलसने ते कवच अजून बाहेर ठेवलंय, कटलफिशमध्ये ते आत गेलं (किनाऱ्यावर सापडतो तो समुद्रफेस म्हणजे तेच!), म्हाकुळात (स्क्विड) पातळ पात उरली आणि बहुतेक ऑक्टोपसमध्ये जवळजवळ नाहीसंच झालं.