उदाहरणाचं कुंपण

चूक माझीच होती, आणि दोन अक्षरांची होती. एका प्रशिक्षणवर्गाच्या नोंदणीसाठी मी इंग्रजीत मेल लिहिला. ओळखपत्राची प्रत पाठवा, एवढं सांगून पुढे पासपोर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्स अशी दोन नावं दिली आणि त्यांच्या आधी ‘आय.ई.’ टाकलं. टाकायचं होतं ‘ई.जी.’. दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. माझ्याकडे पासपोर्ट नाही, गाडी चालवत नाही, मग मला येता येणार नाही का? एकाने तर पासपोर्ट किती दिवसांत मिळतो याची चौकशीही करून ठेवली होती. बिचाऱ्यांनी मी लिहिलं तेच वाचलं होतं.

‘ई.जी.’ हे लॅटिन ‘एक्झेम्प्ली ग्रॅशिया’चं लघुरूप. अर्थ, उदाहरणादाखल. ‘आय.ई.’ म्हणजे ‘इड एस्ट’, आपलं ‘अर्थात’. पहिलं यादीचं दार उघडं ठेवतं, दुसरं कडी लावून घेतं. मी माफी मागून दुरुस्ती पाठवली आणि विषय तिथेच संपायला हवा होता. पण दुरुस्त मेलवरही एक प्रश्न आला: ग्रंथालयाचं कार्ड चालेल का? हा प्रश्न विचारणारा एकच निघाला. बाकीच्यांनी आपापलं ठरवून टाकलं, आणि बहुतेकांनी बरोबर ठरवलं. फोटो हवा, सरकारी हवं, असं मेलमध्ये कुठेही नव्हतं. दोन नावं वाचून त्यांनी तो नियम स्वतःच तयार केला होता.

उदाहरणाने मुद्दा ‘स्पष्ट होतो’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ऐकणारा उदाहरणांवरून मुद्द्याभोवती कुंपण घालत असतो. काय आत, काय बाहेर, ते तो ठरवतो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

ही गोष्ट आपल्याकडच्या न्यायदर्शनवाल्यांना, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या पंडितांना, फार पूर्वीच जाणवली होती. अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कात तीन पायऱ्या असतात, दोन विधानं आणि निष्कर्ष. उदाहरणाला त्यात जागा नाही. न्यायदर्शनाच्या अनुमानात पाच पायऱ्या आहेत आणि तिसरी पायरी उदाहरणाची. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा पर्वत तसाच. म्हणून तिथे अग्नी आहे. स्वयंपाकघर काढून टाकलं तर अनुमान लंगडं पडतं. दृष्टान्ताची त्यांची व्याख्याही पाहण्यासारखी आहे: ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणूस आणि जाणकार यांचं एकमत असतं, तो दृष्टान्त. म्हणजे जे दोघांनाही आधीच पटलेलं आहे तेच उदाहरण होऊ शकतं. जे उदाहरण समजावून सांगायला आणखी एक उदाहरण लागतं, ते बाद. शिवाय ते उलट बाजूचा दृष्टान्तही देत: जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसा तलाव. स्वयंपाकघर कुंपणाच्या आत, तलाव बाहेर. हा तलाव आपल्या प्रेझेंटेशनमध्ये फारसा दिसत नाही.

आता एक कोडं. टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतंय ते असं: अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम आकडा असतो. नियम पाळलाय की नाही हे तपासायला कोणती कार्डं उलटावी लागतील?

बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. ४च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. ७च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली या प्रकारचं कोडं मांडलं, आणि तेव्हापासून त्याच्या अमूर्त रूपाचं बरोबर उत्तर साधारण दहात एखादाच देतो. भले शिकलेले लोकही चुकतात. मीही चुकलो होतो, आणि उत्तर वाचल्यावर दोन मिनिटं वाद घातला होता.

१९८२ मध्ये रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना हेच कोडं वेगळ्या कपड्यांत दिलं. तुम्ही पोलीस आहात. नियम: बिअर पिणाऱ्याचं वय १९च्या वर हवं. कार्डं चार: बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. कोणाला तपासाल? बिअरवाल्याला आणि १६ वर्षांच्या पोराला, यात विचार करण्यासारखं काय आहे! सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं. त्याच विद्यार्थ्यांना अक्षरांचं आणि आकड्यांचं कोडं घातलं तेव्हा एकालाही जमलं नाही.

यावरून ‘ठोस उदाहरण द्या, लोकांना कळतं’ असा धडा काढायचा मोह होतो. तो अर्धवट आहे. त्याच्या तीनच वर्षं आधी मॅंकटेलो आणि एव्हान्स या संशोधकांनी खाण्यापिण्याचे नियम घेऊन हाच प्रयोग केला होता. नियम साधारण असे: मी हॅडॉक मासा खातो तेव्हा जिन पितो. मासा ठोस, जिन ठोस. तरीही उत्तरं अक्षर-आकड्यांइतकीच वाईट आली. मासा डोळ्यांपुढे येतो, पण हॅडॉकबरोबर जिनच का, हे कुणाच्या अनुभवात नाही. वयाची अट मात्र सगळ्यांनी पाळलेली किंवा मोडलेली असते. बिअरचं उदाहरण नेमकं कशामुळे चालतं यावर मानसशास्त्रात वाद आहेत. कुणी म्हणतं जुन्या अनुभवाची आठवण कामी येते, कुणी म्हणतं नियम मोडणाऱ्याला पकडायची माणसाची नजरच तयार असते. दृष्टान्ताच्या त्या जुन्या व्याख्येत मात्र बिअर बसते आणि जिन बसत नाही.

बरं, उदाहरण ओळखीचं आहे, ऐकणाऱ्याला पटलंही. मग मुद्दा पोचला का? इथे मला सगळ्यात जास्त चक्रावणारा प्रयोग मेरी गिक आणि कीथ होलिओक यांचा वाटतो, १९८० सालचा. त्यांनी कार्ल डंकर यांचं एक जुनं कोडं घेतलं. रोग्याच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही. किरणांनी गाठ जाळता येते, पण तेवढ्या तीव्र किरणांनी वाटेतल्या निरोगी पेशीही जळतात. सौम्य किरणांनी पेशी वाचतात, पण गाठही वाचते. काय कराल? उत्तर असं की सौम्य किरण अनेक दिशांनी सोडायचे आणि ते सगळे गाठीवर एकत्र आणायचे. हे आपसूक सुचणारे दहा टक्क्यांच्या आसपास निघतात.

प्रयोगात कोड्याआधी काहींना एक गोष्ट वाचायला दिली. एका किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेले आहेत. मोठी फौज गेली की ते फुटतात, छोटी तुकडी सुखरूप जाते. सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून सगळ्या वाटांनी एकाच वेळी पाठवतो आणि किल्ला घेतो. ही गोष्ट नुकतीच वाचून झाल्यावर, समोर तेच कोडं वेगळ्या वेषात असताना, किती जणांना उत्तर सुचलं? सुमारे तीस टक्के. ‘मघाची गोष्ट वापरून बघा’ एवढी सूचना दिल्यावर आकडा पंचाहत्तरच्या आसपास गेला.

म्हणजे गोष्ट सगळ्यांना आठवत होती. पण ती किल्ल्याची गोष्ट म्हणून आठवत होती. वाटून घेऊन एकत्र आणण्याची गोष्ट म्हणून नव्हे. उदाहरण डोक्यात गेलं, मुद्दा त्यातच अडकून पडला. १९८३ साली त्याच दोघांनी वाचकांना एकाऐवजी दोन गोष्टी दिल्या, एक किल्ल्याची, एक आग विझवण्याची, विषय वेगवेगळे, युक्ती एकच, आणि दोन्हींत सारखं काय आहे ते लिहायला सांगितलं. तेव्हा सूचनेशिवाय उत्तर सापडणारे बरेच वाढले. एका गोष्टीतला किल्ला आणि दुसऱ्या गोष्टीतली आग बाजूला झाली की उरते ती युक्ती.

बैठकीत बोलताना आपण नेमकं उलटं करतो. एक छान किस्सा निवडतो, तो रंगवतो, त्यातले बारकावे वाढवतो आणि लोकांना किस्सा वर्षभर आठवतो. कशासाठी सांगितला होता ते विचारू नका. दुसरं उदाहरण द्यायचंच झालं तर पहिल्याच्या शेजारचं देतो, एका विक्री विभागानंतर दुसरा विक्री विभाग. त्याने कुंपण तसूभरही सरकत नाही.

कुंपण कसं आखलं जातं याचा एक अस्सल नमुना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहे. वाहनचोरीच्या १९१९च्या कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाची व्याख्या होती: मोटारगाडी, मोटार ट्रक, मोटार वॅगन, मोटरसायकल किंवा रुळांवर न चालणारं इतर कुठलंही स्वयंचलित वाहन. मॅकबॉयल नावाच्या माणसावर चोरीचं विमान इलिनॉयहून ओक्लाहोमाला पाठवल्याचा आरोप सिद्ध झाला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. विमान स्वयंचलित आहे. रुळांवर चालत नाही. शब्दशः घेतलं तर व्याख्येत चपखल बसतं. १९३१ साली न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ते बसत नाही असं ठरवलं आणि शिक्षा रद्द झाली. ‘वाहन’ म्हटलं की रोजच्या बोलण्यात जमिनीवर चालणाऱ्या वस्तूचं चित्र उभं राहतं, असं त्यांनी म्हटलं. आणि कायद्यातली उदाहरणंही सगळी जमिनीवरचीच होती. चार उदाहरणांनी ‘इतर कुठलंही’ हे शब्द जमिनीला बांधून टाकले.

होम्स जे चित्र म्हणाले त्याचं मोजमाप चाळीसेक वर्षांनी मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश यांनी केलं. अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं की अमुक वस्तू तमुक गटाचा किती चांगला नमुना आहे. फर्निचरमध्ये खुर्ची सगळ्यात वर, टेलिफोन तळाशी. पक्ष्यांत रॉबिन वर, पेंग्विन पार खाली. गट म्हणजे आत-बाहेर अशी सरळ रेघ नसते. मध्यभागी ठळक नमुने असतात आणि कडेला जाऊ तसं धूसर होत जातं. म्हणून पक्ष्यांबद्दल काही सांगताना ‘चिमणी, कबुतर’ म्हटलं तर लोक पेंग्विनला मोजतच नाहीत. ‘चिमणी, पेंग्विन’ म्हटलं तर मधले सगळे आपोआप आत येतात.

व्यावसायिक इंग्रजीत ही भानगड सांभाळायला शब्दांची एक अख्खी फौज आहे, आणि त्यातले फरक शाळेत कुणी सांगत नाही. ‘फॉर एक्झाम्पल’ आणि ‘फॉर इन्स्टन्स’ एकमेकांच्या जागी चालतात. ‘सच अ‍ॅज’ नामाला चिकटतो आणि यादी उघडी ठेवतो; बोलताना त्याचं काम ‘लाइक’ करतो, पण अहवालात तो सैल वाटतो. ‘नेमली’ (म्हणजे ‘ती अशी’) आला की यादी बंद. ‘से’ किंवा ‘लेट्स से’ हे धरून चाला या अर्थाचं, त्यामुळे त्याच्यापुढचा आकडा खरा मानायचा नसतो, तरी पुढच्या बैठकीत तो कुणीतरी खरा म्हणून सांगतोच. ‘ई.जी.’ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी ‘एटसेट्रा’ लावणं म्हणजे उघड्या दाराला पुन्हा धक्का देणं. आणि करारनाम्यात ‘इन्क्लुडिंग, बट नॉट लिमिटेड टू’ हा लांबलचक घोष असतो तो वकिलांना शब्दांची हौस आहे म्हणून नाही (हौस आहे, तो भाग वेगळा). नमुन्यांमागून आलेला ‘इतर’ हा शब्द त्याच जातीच्या वस्तूंपुरता घ्यायचा, असा अर्थ लावण्याचा जुना नियमच आहे. त्याचं लॅटिन नाव ‘एजुस्डेम जेनेरिस’. मॅकबॉयलचं विमान साधारण त्याच वाटेने सुटलं.

कुंपण फार आखूड पडण्याची ही तऱ्हा झाली. कधी एकच उदाहरण सगळं शेत खाऊन टाकतं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांच्या २००७च्या अभ्यासात लोकांना आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी देणगी मागितली. काहींना लाखोंचे आकडे दिले, काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती. आकडेवाल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियावाल्यांनी २.३८. इथवर अपेक्षितच. तिसऱ्या गटाला दोन्ही दिलं, मुलगी आणि आकडे. त्यांनी १.४३ दिले. उदाहरणाच्या जोडीला पुरावा दिला की जोर वाढतो, ही माझी समजूत या आकड्याने पार उलटी केली.

शेवटचा प्रयोग मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो, कारण त्यांना तो आवडत नाही. १९९३ साली स्मिथ, वॉर्ड आणि शुमाकर यांनी लोकांना पृथ्वीसारख्या दुसऱ्या ग्रहावरचे प्राणी कल्पनेने काढायला सांगितलं. काहींना आधी नमुने दाखवले. त्या नमुन्यांत तीन गोष्टी समान होत्या: चार पाय, डोक्यावर मिशांसारख्या स्पर्शिका आणि शेपूट. अर्थातच नमुने पाहिलेल्यांच्या प्राण्यांनाही पाय, स्पर्शिका, शेपूट जास्त प्रमाणात फुटले. मग नमुन्यांपेक्षा वेगळं काढा, असं मुद्दाम बजावलं. तरी शेपटी येतच राहिल्या.

गेल्या महिन्यात नव्या कल्पना मागवणारा मेल लिहायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. मसुद्यात ‘फॉर एक्झाम्पल’च्या पुढे तीन ओळी होत्या, तिघींनाही शेपूट होतं. मी त्या खोडल्या. संध्याकाळपर्यंत एकाचं उत्तर आलं: ‘तुम्हाला नेमकं काय हवंय? एखादं उदाहरण देता का?’